नंबर वाढलाय का डोळ्यात गोळा आलाय? थेंब टाकून कसं ओळखायचं आणि कसं बरं करायचं

आठवड्याला एक तरी पेशंट असा येतोच. पोरगं बारावीचं नाहीतर एमपीएससीचं, हातात तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या, एकीवर मायनस सव्वा, दुसरीवर मायनस अडीच, तिसरीवर परत मायनस दीड, आणि बरोबरची आई वैतागलेली, "सर, दर सहा महिन्याला नंबर पळतोय ओ ह्याचा, गाजरं खाऊन खाऊन कंटाळलं पोरगं." गाजर खाऊ दे म्हणतो, चांगलंच आहे, पण नवीन चष्मा आज करू नका. कारण खरा मायनस नंबर अशा उड्या मारत नाही. वाढला तर हळूहळू वाढतो आणि वाढलेला सहसा मागं येत नाही. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, परीक्षेच्या आधी तिसरा असं चाललं असेल तर डोळ्याच्या आतल्या स्नायूला गोळा आलेला असायची शक्यता लई असते. मध्यरात्री पोटरीत गोळा येतो बघा, तसाच.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत डोळ्यांच्या एका डॉक्टर मॅडमच्या हाताखाली बरीच वर्षं नंबर काढतोय. थेंब कुठला आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवतात आणि त्यांनीच ठरवायचं, पण ते ठरवायच्या आधी आणि नंतर काय काय होतं, पेशंटनं काय करायचं, घरच्यांनी काय बघायचं, हे सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो म्हणून इथं लिहितोय.

डोळ्यात बाहुलीच्या मागं एक भिंग असतं आणि त्याच्या भोवती गोल स्नायू, सिलिअरी मसल. भिंग ह्या स्नायूला बारीक बारीक दोऱ्यांनी टांगलेलं असतं. लांब बघताना स्नायू सैल, दोऱ्या ताणलेल्या, भिंग चपटं. पुस्तक जवळ घेतलं की स्नायू आवळतो, दोऱ्या ढिल्या पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. दिवसातनं हजार वेळा होतं हे आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आता हा स्नायू तासन् तास आवळलेलाच राहिला आणि मान वर करून फळ्याकडं बघितलं तरी सुटायला तयारच नसला तर? भिंग फुगलेलंच राहणार, लांबचं धुरकट दिसणार, दुकानात जाऊन नंबर काढला तर मायनस निघणार. ह्याला खोटा मायनस म्हणतात, आमच्या भाषेत स्युडोमायोपिया, आणि स्नायूच्या दुखण्याला अकॉमोडेटिव्ह स्पॅझम. चाळिशीनंतर भिंगच कडक होत जातं, फुगायची ताकदच कमी होते, म्हणूनच तर चाळिशी लागते, त्यामुळं हे दुखणं जास्त करून पोरासोरांचं आणि तरण्या माणसांचं.

कुणाला होतं? अभ्यासिकेत सकाळी आठ ते रात्री दहा बसणारी पोरं तर आहेतच. पण हुपरीचे चांदी कारागीर पण येतात माझ्याकडं, वीतभर अंतरावर दागिना धरून दिवसभर बारीक काम करायचं आणि मान वर केली की समोरच्या माणसाचं तोंड धूसर. पण सगळ्यात फसवा पेशंट म्हणजे ज्याला मुळात थोडा प्लस नंबर आहे पण कधी कळलंच नाही असा. त्याचा स्नायू लांबचं बघायला पण आवळूनच बसलेला असतो, जवळचं बघायला डबल आवळतो, आणि एक दिवस सुटायचंच विसरतो. म्हणजे बघा, ज्याला प्लसचा चष्मा पाहिजे त्याच्या नाकावर आपण मायनसचा चढवतो. मायनस चढवला की स्नायूला अजून आवळायला लागतं, मग सहा महिन्यानं परत धूसर, परत मायनस वाढवा. आईला वाटतं नंबर पळतोय, खरं तर आपणच त्याला पळवतोय.

घरी काय बघायचं. लांबचं कधी स्पष्ट, कधी धूसर. वाचून उठल्यावर दोन-चार मिनिटं सगळं पुसट, मग हळूहळू जुळतं. कपाळ, भुवया, डोळ्याच्या मागं ठणका, संध्याकाळी जास्त, रविवारी कमी. केएमटी बसचा बोर्ड सकाळी वाचता येतो आणि क्लास सुटल्यावर तोच बोर्ड बस समोर येऊन उभी राहिली तरी वाचता येत नाही. कधी कधी दोन दोन दिसतं. एक साधी चाचणी सांगतो: भिंतीवर कॅलेंडर लावा, दहा फुटांवर खुर्ची ठेवा, एक डोळा तळहातानं झाका (दाबायचा नाही, नुसता झाकायचा) आणि सगळ्यात बारीक कुठली ओळ वाचता येते ते लिहून ठेवा, मग दुसरा डोळा. सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घ्यायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी दोन-तीन तास वाचून झाल्या झाल्या एकदा, उजेड दोन्ही वेळेला सारखा पाहिजे. असं चार-पाच दिवस करा. सकाळ-संध्याकाळमध्ये ठळक फरक पडला तर तो कागद घेऊन या, माझ्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्यातच असतात. फरक पडला नाही म्हणून गोळा नाहीच असं मात्र नाही, काहींचा स्नायू झोपेतनं उठल्यावर पण सुटलेला नसतो.

आणि हो, नंबर वर-खाली होतोय आणि माणूस तिशी-चाळिशीतला आहे तर आधी साखर तपासून घ्या. रक्तातली साखर वर-खाली झाली की भिंगात पाणी शिरतं-निघतं आणि नंबर बदलतो, तिथं थेंबांचा काही उपयोग नाही.

आता तपासणी. येताना जुने सगळे चष्मे आणि सगळ्या चिठ्ठ्या आणा, लागू असलेला चष्मा तेवढाच आणतात लोक आणि जुना कपाटात, पण मला जुनाच जास्त सांगतो. चालू असलेल्या औषधांची नावं आणा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून या. गाडी चालवत येऊ नका, सोबत कुणीतरी आणा, गॉगल आणा. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर येऊच नका, कारण थेंब टाकल्यावर त्या दिवशी तरी पुस्तक वाचता येणार नाही.

पहिल्यांदा थेंब न टाकता कोरडा नंबर काढतो. कॉम्प्युटरवर डोळे तपासतात ना, आत लांबवर फुगा नाहीतर घर दिसतं ते मशीन, त्याच्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. चित्र लांबचं भासतं पण डोळ्याला माहीत असतं की आपण डब्यात डोकावतोय, मग स्नायू आपोआप आवळतो आणि मशीन मायनस जास्त दाखवतं. गोळा आलेल्या डोळ्याचं तर तीन वेळा रीडिंग घेतलं की तीन आकडे येतात. तेच आमच्यासाठी पहिली घंटा. दुसरी घंटा म्हणजे तक्ता आणि नंबर जुळत नाहीत, मशीन म्हणतं मायनस तीन आणि पोरगं बिनचष्म्याचं तक्त्यावरची बऱ्यापैकी बारीक ६/१२ ची ओळ वाचतंय, मायनस तीनवाला माणूस असं वाचूच शकत नाही. तिसरी, रेटिनोस्कोप. डोळ्यात पट्टीसारखा उजेड टाकून परत येणारी चमक बघायची, गोळा असला की ती चमक बघता बघता बदलते, आता अशी, आता तशी. मग जवळचा कार्ड वाचायला लावून परत तेच बघतो. साधा डोळा जवळच्या अक्षराच्या थोडा मागं फोकस धरतो, पाव ते पाऊण नंबरपर्यंत, गोळ्यावाला डोळा अक्षराच्या पुढंच जाऊन बसतो. चौथी म्हणजे फ्लिपर, एका दांडीवर दोन प्लस दोन मायनस भिंगं असतात, उलट-सुलट करत वाचायचं. मायनसनं लगेच वाचतात, प्लस धरला की अडकतात, "थांबा सर, अजून नाही आलं." प्लसला अडकणं म्हणजे स्नायूला सोडता येत नाही.

परवा एक पोरगी आली होती गडहिंग्लजकडची, प्लस धरला आणि विचारलं दिसतंय का तर म्हणते, "मी वाचतोय की सर, पर अक्षरं पळाय लागल्यात." (आमच्याकडं पोरी पण वाचतोय, जातोय म्हणतात, पुणेकरांनी लगेच दचकू नये.) कोरडा नंबर मायनस पावणेदोन, तो पण हलता. थेंब टाकल्यावर निघाला प्लस पाऊण. म्हणजे अडीच नंबरचा फरक नुसता स्नायूचा.

तर थेंब. थेंबांचं काम एवढंच की तो स्नायू काही वेळापुरता लुळा करायचा, म्हणजे भिंग आपोआप चपटं होतं आणि खरा नंबर उघडा पडतो. स्नायूला आवळ म्हणून हुकूम देणारं रसायन असतं, ॲसिटिलकोलीन, त्याची बसायची जागाच हे औषध अडवून धरतं. बाहुली पण त्याच हुकुमावर लहान होते, म्हणून थेंब टाकला की बाहुली मोठी होते आणि उजेड टोचतो. पण लक्षात घ्या, बाहुली मोठी झाली म्हणजे स्नायू सुटला असं होत नाही. फिनाइलेफ्रिन नावाचा थेंब नुसती बाहुली मोठी करतो, स्नायूला हातच लावत नाही. बरेच ठिकाणी डोळ्याचा पडदा बघायला जो थेंब टाकतात त्यात ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असतं, पडदा बघायला ते उत्तम, पण हट्टी गोळा त्यानं पूर्ण सुटत नाही. म्हणून "आमचे थेंब टाकून झालेत" म्हटलं की मी विचारतो कुठले?

नंबर काढायला आमच्याकडं जास्त करून सायक्लोपेंटोलेट १ टक्का वापरतात. एक थेंब, दहा मिनिटांनी दुसरा, आणि मग पाऊण तास बाकड्यावर बसायचं. आपले डोळे काळे-तपकिरी, त्या रंगद्रव्यात औषध अडकतं, त्यामुळं चढायला वेळ लागतो आणि उतरायला पण. पंधरा मिनिटात "झालं का ओ" म्हणून कुणी आत डोकावलं तर मी परत बसवतो. हा थेंब चांगलाच चुरचुरतो, लहान पोरं बोंबलतात, म्हणून आधी बधिर करायचा थेंब टाकून घेतात. असर साधारण २४ तासात उतरतो. होमॅट्रोपिन २ टक्के असतं, ते एक ते तीन दिवस राहतं. ट्रॉपिकामाइड चार-सहा तासात उतरतं. आणि सगळ्यांचा बाप ॲट्रोपिन १ टक्का, त्याचा असर एक-दोन आठवडे राहतो. लहान पोराला तिरळेपणा असेल, प्लस नंबर लपलेला असेल तर ॲट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी घालून मग बोलावतात, डॉक्टर सांगतील तितक्याच वेळा, तांदळाच्या दाण्याएवढं मलम खालच्या पापणीच्या आत.

घरी थेंब टाकायचे असतील तर पद्धत नीट करा, कारण निम्म्या घरात चुकते. हात धुवा. आडवं झोपा किंवा मान मागं टाका. खालची पापणी बोटानं खाली ओढून खळगा करायचा, त्यात एकच थेंब, बाटलीचं तोंड पापणीला लागता कामा नये. डोळा हळू मिटायचा, करकचून नाही. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं जे कुणी करत नाही, नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटानं दाबून दोन-तीन मिनिटं धरायचा. तिथनं एक नळी नाकात जाते, दाबली नाही तर औषध नाकात, घशात आणि तिथनं रक्तात. ॲट्रोपिन १ टक्क्याच्या एका थेंबात साधारण अर्धा मिलिग्रॅम औषध असतं, आणि दवाखान्यात मोठ्या माणसाला ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात त्याची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. म्हणजे चार वर्षाच्या पोराच्या डोळ्यात "नीट गेला नसंल" म्हणून दोन थेंब जादा टाकणं काय असतं ते समजून घ्या. बाहेर ओघळलेलं पुसून टाका, पोराचे हात पुसा, आणि आपले हात परत धुवा.

हात धुवायचं का सांगतो. एका बाईंनी पोराला मलम घातलं आणि तेच बोट स्वतःच्या डोळ्याला लागलं, दुसऱ्या दिवशी आरशात बघतात तर एक बाहुली मोठी आणि एक लहान. घरात रडारड, लकवा झाला म्हणून. रात्री मेंदूचा स्कॅन करायची तयारी चालली होती, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "अगं तू मलम घातल्यावर हात धुतलास का?" आणि तशीच गंमत धोत्र्याची. धोत्र्यात ॲट्रोपिनच्या कुळातलीच औषधं असतात, महाशिवरात्रीला महादेवाला धोत्रा वाहिला, हात तसाच डोळ्याला लावला की बाहुली मोठी. शेतात तण काढताना पण होतं. म्हणून कुणी धोत्र्याचा रस डोळ्यात घालायचा घरगुती उपाय सांगितला तर त्याला हात जोडा, डोस कोण मोजणार?

थेंबानं त्रास काय होऊ शकतो. तोंड सुकणं, गाल लाल होणं, उजेड टोचणं, जवळचं न दिसणं, हे चालायचंच, पाणी प्या, गॉगल लावा. पण पोराचं अंग कोरडं आणि तापलेलं, लालबुंद, छाती धडधडतेय, चालताना झोकांड्या, असंबद्ध बडबड, नसलेल्या वस्तू दिसणं, असं काही झालं तर थेंब बंद आणि सरळ दवाखाना, रात्र असली तरी, कोल्हापुरात सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. बाटली बरोबर न्या म्हणजे तिथल्या डॉक्टरांना कळेल काय टाकलं ते. फिट येणारी मुलं, डाऊन सिंड्रोम असलेली मुलं, हृदयाचा त्रास असलेले, ह्यांनी आधीच सांगायचं. मोठ्या माणसांत काचबिंदू, विशेषतः डोळ्याचा कोन अरुंद असेल तर बाहुली मोठी केल्यावर डोळ्याचं प्रेशर एकदम चढू शकतं. म्हणून थेंब टाकायच्या आधी डॉक्टर डोळा मशीनवर बघतात, तो दोन मिनिटांचा वेळ वाया गेला असं समजू नका.

पाऊण तासानं परत रेटिनोस्कोपी. चमक आता स्थिर पाहिजे, हलत असेल तर अजून थांबायचं. कोरडा नंबर आणि ओला, म्हणजे थेंब टाकून काढलेला, नंबर शेजारी शेजारी लिहायचे. कोरडा मायनस अडीच, ओला मायनस अर्धा, तर अर्धा नंबर खरा आणि दोन नंबर गोळ्याचा. दोन्हीत पाव-अर्ध्याचाच फरक असेल तर गोळाबिळा काही नाही, नंबर खराच वाढलाय, गप चष्मा करा. ॲट्रोपिननं काढला असेल तर त्यातनं साधारण एक नंबर वजा करतात, कारण निरोगी स्नायूला पण थोडा नैसर्गिक ताण असतोच आणि ॲट्रोपिन तो पण काढून टाकतं. म्हणून ओला नंबर जसाच्या तसा चष्म्यात घालत नाहीत. बाहुली मूळ जागी आल्यावर परत बोलावून तक्त्यावर वाचून घेतात, त्याला पीएमटी म्हणतात, ही पुण्याची जुनी बस नव्हे, थेंब उतरल्यानंतरची तपासणी. सायक्लोपेंटोलेट असेल तर तीन-चार दिवसांनी, ॲट्रोपिन असेल तर दोन-तीन आठवड्यांनी. लोक ह्या पीएमटीलाच येत नाहीत, चिठ्ठी घेतली की गायब, आणि ओल्या नंबरचा चष्मा करून मोकळे. मग म्हणतात सरांचा नंबर चुकला.

आता उपचार. आमच्या मॅडमची पद्धत अशी की हलका गोळा असेल तर आधी मायनस चष्मा काढायचा किंवा कमी करायचा, अभ्यासाची पद्धत बदलायची आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बघायचं, कित्येकांचं तेवढ्यावर भागतं. हट्टी असेल तर थेंब, सायक्लोपेंटोलेट किंवा होमॅट्रोपिन काही दिवस, सुटत नसेल तरच ॲट्रोपिन, आणि थेंब एकदम बंद न करता हळूहळू कमी करत आणायचे. किती दिवस हे पेशंट बघून ठरतं, तुमच्या मित्राला दहा दिवस दिले म्हणून तुम्हाला दहा दिवस नाही.

थेंब चालू असताना जवळचं दिसणार नाही हे आधीच मान्य करा. स्नायू सुट्टीवर आहे, पुस्तक कोण वाचून देणार? त्यासाठी जवळचा प्लस चष्मा देतात, प्लस अडीच-तीनच्या आसपास, किंवा बायफोकल. बारावीतलं पोरगं आजोबांसारखा वाचायचा चष्मा लावायला लाजतं, पण तो चष्माच औषधाचा अर्धा भाग आहे, तो नसला की पोरगं डोळे बारीक करून पुस्तक नाकाला लावतं. दुपारी बाहेर पडताना गॉगल आणि टोपी. टू-व्हीलर बंद, रात्री तर अजिबात नाही, समोरच्या गाडीच्या लाईटनं पूर्ण आंधळं व्हायला होतं. हुपरीच्या कारागीर भावांनी पण भट्टी आणि मशीनपासनं तेवढे दिवस लांब राहावं. भरतीच्या मेडिकलला जायचं असेल तर तारीख आधी सांगा, मोठ्या बाहुलीनं मेडिकलला उभं राहिलात तर तिथं वेगळाच घोळ होणार. आणि भरतीवाल्यांना एक सांगतो, आदल्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं म्हणून थेंब टाकून नंबर "उतरवायला" जाऊ नका, खरा मायनस थेंबानं एक पावसुद्धा उतरत नाही.

थेंब बंद झाले की गोळा परत यायची शक्यता असते, कारण मूळ दुखणं जागेवरच असतं. लपलेला प्लस निघाला असेल तर प्लसचा चष्मा लावायचा, सुरवातीला लांबचं थोडं पुसट वाटेल पण लावत राहायचं. दोन्ही डोळे आत वळवायची ताकद कमी असेल तर ते ह्याच भिंगाच्या स्नायूच्या जोरावर भरून काढतात, तिथं पेन्सिल जवळ आणायचा व्यायाम देतात, पण हा व्यायाम व्हिडिओ बघून स्वतः सुरू करू नका, ज्याचे डोळे आधीच आत ओढले जातायत त्याला तोच व्यायाम उलटा पडेल. सगळ्यांना चालेल असा एकच व्यायाम सांगतो. वीस मिनिटं वाचलं की वीस सेकंद लांब बघायचं, वीस फूट तरी, आणि नुसतं बघायचं नाही तर काहीतरी वाचायचा नाहीतर ओळखायचा प्रयत्न करायचा. संध्याकाळी रंकाळ्यावर चौपाटीला जाता ना, मोबाईल खिशात ठेवा, हातातल्या भेळेच्या कागदावरचं एक अक्षर बघा, मग पलीकडं शालिनी पॅलेस बघा, परत अक्षर, परत पॅलेस, प्रत्येक वेळी स्पष्ट होईपर्यंत थांबून. पाच-दहा मिनिटं. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर, झोपून वाचणं बंद, अंथरुणात दिवे बंद करून मोबाईल तर बंदच.

टेन्शनचा पण मोठा हात असतो ह्यात, हे आईबापांना पटत नाही. पोरगं नाटक करतंय म्हणतात. नाटक नाही ते, स्नायू खराच आवळलेला असतो, पण रिझल्टच्या आठवड्यात जास्त आवळतो हे पण तितकंच खरं. त्याला ओरडून गोळा सुटत नाही.

कुठं थेंबांची वाट बघत बसायचं नाही ते सांगतो. डोळा लाल, दुखतोय आणि उजेड सहन होत नाही, तर आतली सूज असू शकते, तिथं पण स्नायू आखडतो आणि तिथं पण ॲट्रोपिनसारखेच थेंब देतात पण आजार पूर्ण वेगळा. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालं, उलट्या होतायत, एक बाहुली मोठी एक लहान, एकदम दोन दिसायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. दोन्ही डोळे एकदम नाकाकडं वळलेत आणि बाहेर जात नाहीत तर सगळे घाबरतात मेंदूची नस गेली म्हणून, कधी कधी तो पण मोठा गोळाच असतो, डॉक्टर एक डोळा झाकून बघतात, दुसरा मोकळा बाहेर गेला आणि दोन्ही उघडे असताना बाहुली बारीक होत असेल तर गोळा. पण हे ठरवणं त्यांचं काम. आणि आपल्याकडं उसाला औषध मारणाऱ्यांसाठी खास, फवारणी करून आल्यावर लांबचं धूसर, बाहुली टाचणीएवढी, तोंडाला लाळ, घाम, मळमळ, तर ते कीटकनाशक अंगात भिनलंय. त्याच स्नायूला गोळा येतो पण विषानं. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि तडक दवाखान्यात, तिथं शिरेतनं ॲट्रोपिनच देतात, तेच औषध, पण डोळ्यात थेंब टाकून काही होणार नाही.

अजून एक गोंधळ. "पोराला ॲट्रोपिन दिलंय नंबर वाढू नये म्हणून" असं सांगणारे हल्ली वाढलेत. ते ०.०१ टक्केवालं किंवा त्याच्या आसपासचं, खऱ्या मायनसची वाढ मंद करायला, रोज रात्री, वर्ष-दोन वर्ष. गोळा सोडवायचं ॲट्रोपिन १ टक्का, म्हणजे ०.०१ च्या शंभर पट. मेडिकलवाल्यानं चुकून एक दिलं आणि दुसरं पाहिजे होतं असं घडू शकतं, म्हणून बाटलीवरचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्याशी टॉर्च मारून जुळवा.

बाटली उघडल्या दिवसाची तारीख पेननं बाटलीवरच लिहा, महिना झाला की उरलेलं असलं तरी फेकून द्या. आणि फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथनं ती धाकट्या बहिणीच्या डोळ्यात जाते, "दादाला बरं वाटलं म्हणून मी पण टाकलो."